चोवीस पूर्णांक आठ

नॉटिंगहॅमच्या एका सरकारी हॉस्पिटलात धम्मशीला गजभिये फिजिओथेरपिस्ट आहे. वॉर्ड लकवा मारलेल्या लोकांचा. तिचं एक वाक्य तिथं इतकं गाजलेलं आहे की चहाला थांबलेल्या नर्सेस हमखास तिची नक्कल करतात. एखाद्या पेशंटची मुलगी म्हणते, डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे, डॅडनी माझ्याबरोबर नाचलं पाहिजे. धम्मशीला सगळं नीट ऐकून घेते, मान डोलावते आणि म्हणते, "लव्हली. अँड धिस वीक?" नक्कल करताना खरी मजा 'लव्हली'त असते. तो 'व्ह' थेट नागपूरहून आलेला आहे, आणि पंचवीस वर्षं इंग्लंडच्या पावसात भिजूनही त्याचा रंग गेलेला नाही.

प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी एक पांढरा बोर्ड असतो. त्यावर त्या आठवड्याचं ध्येय लिहायचं. नवीन लागलेली पोरं उत्साहाने लिहितात, 'शुक्रवारी घरी'. धम्मशीला काही न बोलता ते पुसते. शुक्रवारी घरी जाणं डॉक्टरच्या सहीवर आहे, ॲम्ब्युलन्सवर आहे, कौन्सिलने घरी मदतनीस पाठवण्यावर आहे. पेशंटच्या हातात त्यातलं काहीच नाही. मग ती लिहिते, 'आधार न घेता पलंगाच्या कडेला बसणे'. हे त्याचं स्वतःचं. जमलं तर त्याचं, नाही जमलं तरी त्याचं. जे माणसाच्या हातात नाही ते बोर्डावर चढवायचं नाही, हा तिचा नियम. तो मोडणाऱ्याला ती रागवत नाही, फक्त पुसते. रागवलेलं परवडलं, असं पोरं म्हणतात.

घरी मात्र तिचा मुलगा सम्यक होता, आणि त्याचं ध्येय तिने स्वतः लिहिलं होतं.

सम्यक नॉटिंगहॅममध्येच जन्मला. बाकीची पोरं क्रिकेटला गेली तेव्हा हा शाळेतल्या एका अमेरिकन मित्राच्या नादाने रविवारी पार्कात बेसबॉल खेळायला लागला. आजोबा दादासाहेब पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा त्यांची एकच तक्रार होती, की हा पोरगा बॉल मारला की बॅट फेकून पळतो, त्याला कुणी वळण लावलं नाही का. पण पोरगा खेळत राहिला. पुढे खेळाच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेतल्या कॉलेजात गेला, आणि शेवटचं वर्ष बाकी असताना तिथल्या एका छोट्या गावातल्या टीमने त्याला करारावर घेतलं. टीम व्यावसायिक म्हणजे खेळायचे पैसे देणारी, पण उतरंडीच्या अगदी तळातली. वर मोठ्या क्लबांच्या टीमा, त्यांच्यावर आणखी मोठ्या, आणि सगळ्यात वर टीव्हीवर दिसतात ते.

सही करण्याआधी जेवणाच्या टेबलावर बैठक झाली. नवरा अजय सोमवार ते गुरुवार केंब्रिजला नोकरीला असतो, तो व्हिडिओवर होता. धम्मशीलाने अट सांगितली. दोन सीझन. तेवढ्यात वरच्या एखाद्या टीमने उचललं तर पुढे बघू. नाही उचललं तर परत यायचं आणि इथं डिग्री पुरी करायची. अजय म्हणाला, फेअर आहे. सम्यक म्हणाला, डील. धम्मशीलाला स्वतःचं कौतुक वाटलं. मुदत ठरलेली, मोजमाप ठरलेलं, कुठं भावनेला जागा नाही.

दोन सीझन झाले. वरच्या कुणी उचललं नाही. ऑक्टोबर उजाडला तेव्हा सम्यक घरी होता, दुपारपर्यंत झोपत होता आणि डिग्रीला प्रवेश कसा मिळेल याची चौकशी करत होता. आधीच्या टीमने मात्र वसंतातल्या सराव शिबिराला परत बोलावलं होतं. शिबिरात टिकला तर तिसरा सीझन. उत्तर महिनाअखेरीपर्यंत हवं होतं. सम्यक त्याबद्दल बोलत नव्हता, आणि अट आपलीच असल्यामुळे धम्मशीलाही विचारत नव्हती. ठरलं ते ठरलं. तरी तो नाश्त्याला येऊन बसला की तिला वॉर्डातला पेशंट आठवायचा, जो सगळं चांगलं आहे म्हणतो आणि जेवत नाही.

अशात सुहासचा फोन आला. सुहास पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आणि इथल्या आंबेडकरी लोकांच्या मंडळाचा सेक्रेटरी. प्रत्येक वाक्य 'बेसिकली'ने सुरू करतो आणि मूळ मुद्दा शेवटी सांगतो. मंडळ दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात मुलांचा गुणवंत सत्कार करतं. प्रमाणपत्र, एक पुस्तक, गुलाबाचं फूल, आणि माईकवरून नाव आणि टक्के. इथल्या परीक्षांमध्ये टक्के नसतात, ग्रेड असते, पण सुहास त्या ग्रेडचे टक्के करून आणतो, कारण दादासाहेबांना टक्केच लागतात.

दादासाहेब मंडळाचे अध्यक्ष. पन्नास वर्षांपूर्वी नागपूरहून आले, बसवर कंडक्टर होते, मग पोस्टात लागले. घराण्यात मॅट्रिक झालेले ते पहिले. ज्या घरातलं आधी कुणी शाळेत बसलं नव्हतं, त्या घरच्या पोरांचे टक्के भर सभेत मोठ्याने वाचले गेलेच पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. यावर मंडळात आजवर कुणी वाद घातलेला नाही.

"ताई, जय भीम. बेसिकली, यंदा सम्यकचा पण सत्कार करायचा असं दादासाहेबांचं आहे," सुहास म्हणाला. "प्रोफेशनल प्लेयर, आपल्या कम्युनिटीतला पहिलाच. फक्त माझ्या शीटमध्ये एक कॉलम आहे, परसेंटेजचा. तो ब्लँक ठेवला की सर्टिफिकेट प्रिंटच होत नाही."

सम्यक फ्रीजमध्ये डोकं घालून उभा होता. तसाच मान न वळवता म्हणाला, "ट्वेंटी-फोर पॉइंट एट."

तो गेल्या सीझनचा त्याचा बॅटिंगचा आकडा होता. धम्मशीलाने तो फोनवर सांगितला.

"आउट ऑफ हंड्रेड ना, ताई?"

"हो."

"नाही, म्हणजे, बेसिकली... राउंड ऑफ करून थर्टी-फाइव्ह लिहू का? पास तरी दिसेल. चेक कोण करणार आहे?"

फोन स्पीकरवर होता आणि दादासाहेब सोफ्यावर होते. "पस्तीस काऊन?" ते तिथूनच म्हणाले. "चोवीसचे पस्तीस करणारा मास्तर आमच्या वेळी घरी बसत होता, सुहास. आहे तेच लिही."

मग ते नातवाकडे वळले. चोवीस हा आकडा त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता, हे दिसत होतं. सम्यकने आईला इंग्रजीत हळूच विचारलं, नाही गेलो तर चालेल का. धम्मशीला म्हणाली, आजोबांना वाईट वाटेल. तो म्हणाला, गेलो तर जास्त वाटेल.

तरी गेला.

हॉल नेहमीचाच, कम्युनिटी सेंटरचा. घडीच्या खुर्च्या, मागे पुलावाची भांडी, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, आणि शिट्टी मारणारा माईक. त्रिशरण पंचशील झालं, भाषणं झाली आणि सुहास उठला. त्याने यादी मोठ्या आकड्यापासून लहान आकड्याकडे लावली होती. त्यात त्याचा काही डाव नव्हता. शीट उघडली की तो आधी तेच करतो.

"कुमारी अक्षया मेश्राम, ब्याण्णव टक्के." टाळ्या. "प्रणव वासनिक, अठ्ठ्याऐंशी टक्के." टाळ्या. सत्तरपर्यंत टाळ्या दमदार होत्या, साठात जरा सैल झाल्या. पंचावन्नवाल्या अर्णवच्या टाळ्या त्याच्या आईने एकटीने भरून काढल्या.

"आणि बेसिकली, आपले प्रोफेशनल बेसबॉल प्लेयर, सम्यक अजय गजभिये." इथं सुहास पाणी प्यायला. "चोवीस पूर्णांक आठ टक्के."

दोनतीन टाळ्या निघाल्या आणि आपण एकट्याच आहोत हे कळल्यावर थांबल्या. पहिल्या रांगेत लीलावतीबाई बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या कुजबुजतात ते सगळ्या हॉलला कळतं. त्यांनी शेजारणीला विचारलं, "आजारी होता का गं परीक्षेला?"

सम्यक स्टेजवर पोचला. दादासाहेबांनी पुस्तक दिलं, फूल दिलं. प्रमाणपत्र मात्र हातातच धरून ठेवलं आणि सुहासकडून माईक मागून घेतला. धम्मशीला तिसऱ्या रांगेत होती. सासऱ्यांना ती पंचवीस वर्षं ओळखत होती. ते पोराला चारचौघांत खाली पाडणारे नव्हते, पण कळल्याशिवाय प्रमाणपत्र देणारेही नव्हते.

"सम्या," ते म्हणाले, "मले समजव. शंभरात चोवीस. म्हणजे कायचे?"

सम्यकचं मराठी घरापुरतं आहे आणि स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा हिशेब तो अंदाजाने करतो. स्टेजवर तो अंदाजही सुटला. पण त्याने सांगितलं. मॅचमध्ये चारेक वेळा बॅट घेऊन जायचं. समोरचा बॉल फेकतो, तो मारून पहिल्या थांब्यावर सुखरूप पोचलं तर एक धरतात. सम्यक चारातून एकदा पोचतो, जवळपास.

"अन् जगात जो एक नंबर आहे तो?"

"तीस, आजोबा. खूप चांगला इयर असली तर तेहतीस."

दादासाहेबांनी सभेकडे बघितलं. "म्हणजे एक नंबरही नापासच आहे," ते म्हणाले. हॉल हसला. लीलावतीबाई सगळ्यांनंतर हसल्या.

"बरं. एकदा पोचतं. मग बाकीच्या तीन खेपा काय करतं तू?"

"परत येतो. बसतो," सम्यक म्हणाला. मग त्याला वाटलं असावं की एवढं पुरेसं नाही. "बसून बघतो की माझा चूक होता का. बॉल वाईट होती, लांबून जात होती, आणि मी तरी बॅट फिरवला, तर माझा चूक. पण बॉल चांगली होती, मी एकदम कडक मारली, आणि कोणीतरी पळत येऊन पकडली, तर माझा चूक नाही ना. मी बरोबर केला. पण बोर्डावर दोन्ही सेम दिसतात. झिरो."

दादासाहेबांनी थोडा विचार केला आणि प्रमाणपत्र दिलं. टाळ्या बऱ्या झाल्या, सत्तरच्या आसपासच्या. मग लोक पुलावाकडे वळले.

धम्मशीला खुर्चीतच राहिली. बोर्डावर दोन्ही सारखंच दिसतं, हे वाक्य तिच्या मुलाने तिच्या वॉर्डाची पायरीही न चढता सांगितलं होतं. वरच्या टीमने उचलणं. तिने अट घातली तेव्हा ते किती नेमकं वाटलं होतं. वर कुणाच्या खांद्याला दुखापत होते, कुणाला जागा मोकळी करायची असते, कुठला माणूस कुठल्या दिवशी मॅच बघायला येतो, यातलं सम्यकच्या हातात काय होतं? वॉर्डातल्या पोराने असं ध्येय लिहिलं असतं तर तिने ते न बोलता पुसलं असतं. इथं दोन वर्षं ते तसंच राहू दिलं होतं, आणि मुलगा रोज त्याच्याखाली झोपत होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो पार्कातल्या जाळीत बॅटिंग करायला निघाला तेव्हा ती जॅकेट घालून दारात उभी राहिली. त्याने विचारलं, कुठे? ती म्हणाली, बघायला. इतक्या वर्षांत ती मॅच बघायला गेली होती, सरावाला कधी नाही. त्याने खांदे उडवले.

जाळीत मशीन बॉल फेकत होतं. काही बॉल तो मारत होता, काही नुसते जाऊ देत होता. जाऊ दिलेल्यांत त्याचा चेहरा जास्त खूश दिसतोय, हे धम्मशीलाच्या लक्षात आलं. माणसाच्या चेहऱ्यावरून स्नायूत काय चाललंय ते ओळखणं हेच तिचं काम. तिने विचारलं, हे का सोडलेस? तो म्हणाला, माझे नव्हते. मग थांबून त्याने तिला सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. पहिल्या सीझनला तो येईल त्या बॉलवर तुटून पडायचा, कारण दोनच वर्षं आहेत हे डोक्यात असायचं. आकडा वर गेला पाहिजे, कुणीतरी बघितलं पाहिजे. दुसऱ्या सीझनला कोचने त्याला एकच काम दिलं. वाईट बॉलला हात लावायचा नाही. बाकीचं सोड. ते त्याने केलं. आकडा थोडाच हलला, पण खेळ बदलला. हे कोचला माहीत होतं आणि त्याला माहीत होतं.

"आणि वर जायचं? त्याबद्दल कोच काय म्हणाला?"

"खरं सांगू?" सम्यकने बॅट जमिनीवर टेकवली. "तो म्हणाला, प्रॉबेबली नाही. या लेव्हलला मी ठीक आहे. वरचा बॉल माझ्यासाठी खूप फास्ट आहे."

धम्मशीलाने ते ऐकून घेतलं. कोच आपल्या धंद्यातला वाटतोय, असं तिच्या मनात आलं.

"माझी अट चुकली," ती म्हणाली. "तुला वर नेणं त्यांच्या हातात होतं, तुझ्या नाही. ती अट मी काढून टाकते. डिग्री एक वर्षाने पण होते."

त्याचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं. तो उलट पडला.

"असं नको ना करू," तो म्हणाला. "कंडिशन होता तर इझी होतं. दोन वर्ष झाले, संपला, आईने सांगितला. आता मला ठरवायला लागेल."

"हो."

"आणि मी परत गेलो आणि त्यांनी काढलं तर? मग तर माझाच चूक."

"ते काढणं पण त्यांच्याच हातात आहे," ती म्हणाली. "तुझ्या हातात काय आहे ते सांग."

मशीन रिकामंच घरघरत होतं. त्याने ते बंद केलं आणि म्हणाला, शिबिरात वाईट बॉलला हात लावायचा नाही. काढेपर्यंत. त्यांनी ठेवलं तरी तेच, काढलं तरी तेच. एवढं जमलं तर मी चांगला खेळलो.

"छान," धम्मशीला म्हणाली. "आणि या आठवड्यात?"

सम्यकने डोळे फिरवले. तो 'व्ह' नसतानाही त्याला तो ऐकू आला असणार. पण घरी जाऊन त्याने टीमला कळवलं, येतो म्हणून. अजयला हे फेअर वाटलं नाही आणि त्याने तसं सांगितलं. ठरलं होतं ते बदलायचं तर ठरवायचं कशाला, असं तो म्हणाला. धम्मशीला म्हणाली, चुकीचं लिहिलं असेल तर पुसायला लागतं. त्याला ते पटलं नाही आणि अजूनही पटलेलं नाही.

हिवाळाभर सम्यक सराव करत राहिला. प्रमाणपत्र दादासाहेबांनी आपल्या खोलीत, स्वतःच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्राशेजारी टांगलं. आल्यागेल्याला ते समजावून सांगत. आधी चोवीस पूर्णांक आठ दाखवायचे, समोरच्याचा चेहरा पडू द्यायचा, आणि मग विचारायचे, जगातला एक नंबर किती काढतो सांगा पाहू. पाहुण्यांना ते सांगणं इतकं पाठ झालं की ते मुद्दाम ब्याण्णव म्हणायचे.

वसंतात सम्यक गेला. शिबिर संपलं त्या दिवशी धम्मशीला वॉर्डात होती आणि जेवायच्या सुट्टीत फोन वाजला.

"त्यांनी मला सोडलं, आई."

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. सांत्वनाची जी वाक्यं ती रोज पेशंटच्या नातेवाइकांना बोलते ती सगळी जिभेवर आली. त्यातलं एकही ती बोलली नाही.

"वाईट बॉलला हात लावलास?"

पलीकडे बसच्या इंजिनाचा आवाज होता.

"पहिल्या दिवशी थोडा," तो म्हणाला. "नंतर नाही. शेवटच्या मॅचला तर एक इतका टेम्प्टिंग बॉल आला, सगळे ओरडत होते मार मार, आणि मी नाही मारला. आणि तो बाहेर गेला. अंपायरपण माझ्याकडे बघितला." त्याचा आवाज एकदम दहा वर्षांच्या पोराचा झाला. "कोच म्हणाला, हा तू पहिल्या इयरला मारला असता."

"मग ये घरी," धम्मशीला म्हणाली.

ऑक्टोबरपर्यंत सम्यकची डिग्री सुरू झाली होती, आणि रविवारी पार्कात तो क्लबच्या मुलांना शिकवायला लागला होता. सगळ्यात जास्त काय शिकवतो, तर बॉल सोडायला. मुलांना ते अजिबात आवडत नाही.

सुहासचा यादीसाठी फोन आला तेव्हा दादासाहेबांनीच उचलला. यंदाही सम्याचं नाव घे, म्हणाले. सुहासने अडखळत विचारलं की बेसिकली, तो आता प्रोफेशनल खेळत नाही ना, मग परसेंटेजच्या कॉलमला काय भरू?

"मागच्या साली भरलं होतं तेच भर," दादासाहेब म्हणाले. "ते काय कुठं गेले आहेत?"